काचेची कुसळं

घरात दुरुस्तीचं काम निघालं की धूळ आलीच. भिंत फोडली की सिमेंटची, फळ्या कापल्या की लाकडाची, छत घासलं की पीओपीची. पण एखादे दिवशी वेगळाच प्रकार घडतो. कामावरच्या माणसांची अंगं चुणचुणायला लागतात. मनगटं, कोपराची आतली बाजू, मान आणि कमरेचा पट्टा इथे खाज सुटते. त्वचा नीट पाहिली तर बारीक लाल ठिपके दिसतात, टोचणारी वस्तू मात्र दिसत नाही. संध्याकाळपर्यंत घरातल्या बाकीच्यांनाही खाज सुटते, आणि ज्यांनी कामाला हातही लावला नाही त्यांना ती का सुटली हे कळत नाही.

चौकशी केली तर बहुतेक वेळा कारण सापडतं. कुणी वरच्या मजल्याचं ऊन अडवण्यासाठी छताखाली बसवलेलं पिवळं ‘ग्लासवूल’ काढलेलं असतं. कुणी पडवीवरचे जुने, उजेड आत येऊ देणारे फायबरचे पत्रे कापलेले असतात. कुणी गच्चीची गळती थांबवताना लेपात घालायची पांढरी जाळी कातरलेली असते. खिडकीला लावायची डासांची करडी जाळीही पुष्कळदा याच पदार्थाची असते. हा पदार्थ म्हणजे फायबरग्लास, अर्थात काचेचे तंतू.

काच टोचते यात नवल नाही. पण काचेच्या पेल्याला हात लावला तर खाज येत नाही, मग तीच काच तंतू झाली की का टोचते? आणि हे सगळं ॲलर्जी आहे, विष आहे, की आणखी काही? उत्तर नीट कळलं तर उपाय आपोआप सुचतात, आणि नेहमी केले जाणारे काही उपाय खाज का वाढवतात तेही समजतं.

म्हातारीचे केस, पण काचेचे

जत्रेत मिळणारे साखरेचे ‘म्हातारीचे केस’ कसे बनतात ते मुलांनी पाहिलेलं असतं. मधल्या भांड्यात साखर वितळते, भांडं गरगर फिरतं, बारीक भोकांतून पाक बाहेर फेकला जातो आणि हवेत गार होऊन त्याचे धागे होतात. ग्लासवूल बनवण्याची आजची प्रचलित पद्धत तत्त्वतः हीच आहे. साखरेच्या जागी वितळलेली काच असते आणि बाहेर पडणारे धागे हवेच्या किंवा वाफेच्या झोताने आणखी ताणले जातात. मग त्यांवर चिकटवणारी राळ फवारून गादी तयार करतात. तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, आवाजही शोषला जातो. म्हणून छत, वातानुकूलनाची नळकांडी, नाट्यगृहांच्या भिंती अशा ठिकाणी ही गादी वापरतात.

दुसरा प्रकार अखंड तंतूंचा. त्यात काच बारीक छिद्रांतून सलग ओढून रिळावर गुंडाळतात. या धाग्यांचं कापड किंवा चटई करून ती प्लास्टिकच्या राळेत भिजवली की हलका, मजबूत पदार्थ मिळतो. बोलण्यात आपण त्यालाच ‘फायबर’ म्हणतो. पत्रे, टाक्या, होड्या, मूर्ती आणि गाड्यांचे भाग त्याचे बनतात.

काचेचा धागा ओढण्याची कला जुनीच. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी यांनी काचतंतू आणि रेशीम मिळून विणलेला पोशाख मांडला होता. तो दिसायला झगझगीत होता, पण घडी घातली की तंतू तुटत. काचलोकर मोठ्या प्रमाणावर करण्याची वाट १९३२ मध्ये अमेरिकेत काहीशी अपघातानेच सापडली. डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे दोन ठोकळे जोडत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर गेला आणि बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांनी ही रीत सुधारली, आणि १९३८ मध्ये या मालासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली.

लांब वाकतं, आखूड टोचतं

केस कापून आल्यावर मानेवर पडलेले बारीक केस किती टोचतात हे सर्वांच्या अनुभवाचं आहे. पण तेच केस डोक्यावर लांब असताना मुळीच टोचत नव्हते. केस बदललेला नाही, फक्त त्याची लांबी बदलली. इथेच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे.

कोणतीही काडी टोकावर दाबली तर दोन गोष्टी घडू शकतात. एक तर काडी समोरच्या वस्तूत घुसते, नाही तर मध्येच वाकते. वाकण्यासाठी किती जोर लागतो याचं गणित लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवलं आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्याला पुरेशा आहेत. काडीची लांबी निम्मी केली तर ती वाकवायला चौपट जोर लागतो. आणि काडीची जाडी दुप्पट केली तर सोळापट जोर लागतो.

हे वर्गात पाच मिनिटांत पाहता येतं. खराट्यातला नारळाचा एक वाळलेला हीर घ्या. त्याचे सारख्या जाडीचे दोन तुकडे करा, एक वीस सेंटिमीटरचा आणि दुसरा दोन सेंटिमीटरचा. दोन्हींची टोकं आडवी, सपाट कापा. बटाटा टेबलावर ठेवून लांब तुकडा त्यावर उभा धरा आणि वरच्या टोकावर नाणं ठेवून सरळ खाली दाबा. हीर धनुष्यासारखा वाकेल. आता आखूड तुकडा तसाच दाबा. तो बटाट्यात शिरेल. लांबी दहापट कमी झाली म्हणजे वाकायला लागणारा जोर शंभरपट वाढला, आणि बटाट्याची साल फोडायला त्याहून कितीतरी कमी जोर पुरतो. (नाणं विसरू नका, नाही तर हीर बोटातच शिरेल.)

आता हाच न्याय लोकरीला लावू. घोंगडी अंगाला टोचते, मऊ शाल टोचत नाही. दोन्ही लोकरीच्याच. फरक जाडीचा. ऑस्ट्रेलियात लोकरीवर झालेल्या संशोधनात असं दिसलं की साधारण ३० मायक्रोमीटरपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेवर न वाकता दाबून राहतात आणि टोचल्याची जाणीव देतात. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो.) बारीक तंतू नुसते वाकून जातात.

काच लोकरीपेक्षा सुमारे वीसपट ताठ असते. शिवाय ती तुटते तेव्हा तुकडे आखूड होतात आणि टोकं धारदार राहतात. म्हणून काचतंतू लोकरीपेक्षा कितीतरी बारीक असूनही टोचतो. साधारण ५ मायक्रोमीटरच्या आसपासची जाडी ही खाजेची सीमा मानली जाते. त्याहून जाड तंतू टोचतात, त्याहून बारीक तंतू बहुधा वाकून जातात. बाजारातल्या ग्लासवूलमध्ये या सीमेच्या दोन्ही बाजूंचे तंतू असतात. अखंड तंतू तर बहुतेक सगळे तिच्यापेक्षा जाडच.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ग्लासवूलची गादी धारदार सुरीने कापली तर तंतू मुख्यतः कापाच्या रेषेवर तुटतात. तेच काम करवतीने किंवा ग्राइंडरने केलं तर तंतूंचा चुरा होतो. चुरा म्हणजे असंख्य आखूड तुकडे, म्हणजेच असंख्य कुसळं.

त्वचेत काय घडतं?

आपल्या त्वचेवर मृत पेशींचा एक थर असतो. तळहातावर तो चांगला जाड असतो, पण हाताच्या आतल्या बाजूला किंवा मानेवर त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर भरते. तंतूचा आखूड तुकडा हा थर सहज पार करतो. खालच्या जिवंत पेशींमध्ये चेतातंतूंची अगदी बारीक टोकं पसरलेली असतात. त्यांना धक्का लागला की खाजेची जाणीव होते. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात, त्या जागी रक्त अधिक येतं आणि लाल ठिपका उठतो. ग्लासवूल उचलणाऱ्या तळहाताला काही होत नाही आणि मनगटाला खाज सुटते, ती थराच्या जाडीतल्या या फरकामुळे.

आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतींशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होतं. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव लागली की अंगाची आग होते, कारण त्या लवेत प्रथिनं तोडणारं ‘म्युक्युनेन’ नावाचं विकर असतं. ही रासायनिक खाज. उसाच्या पाचटावरची किंवा फड्या निवडुंगावरची बारीक कुसळं मुख्यतः टोचून त्रास देतात. ही यांत्रिक खाज. फायबरग्लासची खाज बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची. ती ॲलर्जी नसल्यामुळे ‘मला काही होत नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. तंतू पुरेसे असतील तर ते कुणालाही टोचतील. रोज हे काम करणाऱ्यांना काही आठवड्यांनी खाज कमी जाणवू लागते हेही खरं, पण सर्वांनाच तशी सवय होत नाही.

याला अपवाद आहे तो राळेचा. पत्रे जोडण्यासाठी वापरली जाणारी इपॉक्सीसारखी राळ किंवा तिला घट्ट करणारी द्रव्यं काहींना खरी ॲलर्जी देतात. ओली राळ हाताळल्यावर एक-दोन दिवसांनी त्वचा सुजली, पाणी सुटलं, पुन्हा तेच काम करताच त्रास उलटला, तर तो तंतूंचा प्रकार नव्हे. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

खाज सुटली तर

त्वचेत अर्धवट रुतलेलं कुसळ डोळ्यांसमोर आणा आणि मग पुढचे उपाय पाहा. प्रत्येकाचं कारण त्या चित्रातच आहे.

१. खाजवू नका, चोळू नका. खाजवल्याने वर राहिलेला तंतू आत ढकलला जातो, आत असलेला तिथेच तुटतो, आणि नखांच्या ओरखड्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. कोरड्या टॉवेलने घाम पुसणं हेही चोळणंच आहे.

२. आधी वाहतं पाणी. नळाखाली किंवा तांब्याने भरपूर पाणी ओता, म्हणजे सैल तंतू वाहून जातील. मग सौम्य साबण हलक्या हाताने लावून पुन्हा धुवा. बादलीत हात बुडवून तेच पाणी अंगावर घेतलं तर तंतू परत अंगावर येतात. पाणी साधं किंवा कोमट असावं. गरम पाण्याने रंध्रं उघडतात आणि तंतू निघून जातात अशी समजूत आहे. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात, आणि कढत पाण्याने खाज उलट वाढते.

३. डोक्यावरूनही पाणी घ्या. केसांत अडकलेले तंतू रात्री उशीवर आणि तिथून मानेवर उतरतात.

४. दिसणारे तंतू चिकटपट्टीने काढा. त्वचा टिपून कोरडी केल्यावर चिकटपट्टी अलगद दाबून वर उचला, घासू नका.

५. तेल, व्हिनेगर, लिंबू वगैरे लावू नका. तेलाने तंतू अंगाला चिकटून राहतात आणि तेल लावायचं म्हणजे चोळणं आलंच. लिंबाने किंवा व्हिनेगरने काच विरघळत नाही, ओरखड्यांची आग मात्र होते.

६. डोळ्यांत गेलं तर डोळे चोळू नका. स्वच्छ पाण्याची संथ धार पंधरा मिनिटं डोळ्यांवर सोडा. तरीही खुपत राहिलं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. इथलं कुसळ म्हणीतलं नसून खरोखरच काचेचं आहे.

धुतल्यानंतर उरलेली चुणचुण गार पाण्याच्या पट्टीने किंवा कॅलामाइन लोशनने कमी होते. बहुतेकांचा त्रास काही तासांत, फार तर काही दिवसांत ओसरतो. त्वचेचा वरचा मृत थर साधारण दोन आठवड्यांत झडून नवा येतो आणि त्याबरोबर अडकलेले बारीक तुकडेही निघून जातात. पू झाला, सूज वाढली किंवा आठवडाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

कपडे धुणाऱ्याचं काय?

घरातल्या दुसऱ्या माणसांना खाज का सुटते, याचं उत्तर बहुधा कपड्यांत असतं. कामाचे कपडे बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवले की तंतू सगळ्यांत पसरतात. मग लहान मुलाच्या बंडीलाही ते लागतात. धुलाई यंत्रात धुतले तर तंतू यंत्रात राहून पुढच्या धुण्यात येतात. म्हणून कामाचे कपडे घरात झटकू नयेत. ते वेगळे ठेवावेत, वेगळे भिजवावेत, रबरी हातमोजे घालून दोन-तीन पाण्यांतून काढावेत. यंत्र वापरलंच तर नंतर ते रिकामं चालवून घ्यावं. कपडे धुणाऱ्या बाईंना आधी सांगणं हे आपलं काम आहे. त्यांच्या हातांना खाज सुटल्यावर कारण शोधण्यात अर्थ नाही.

काम सुरू होण्याआधी

अंगात पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी आणि मनगटाशी सैल असणारा सदरा हवा. घट्ट कपडे अधिक सुरक्षित वाटतात, पण घट्ट काठाखाली तंतू सापडले की ते सारखे घासले जातात. डोक्याला फडकं, हातांत हातमोजे, डोळ्यांना बंद कडांचा चश्मा आणि नाकातोंडावर एन-९५ प्रकारचा मुखवटा असावा. तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक तंतू सहज आत जातात. घामाने ओल्या अंगावर धूळ अधिक चिकटते. तेव्हा छताचं काम भर उन्हात न करता सकाळी करावं.

खोलीतल्या गाद्या, उशा, पडदे बाहेर काढावेत किंवा प्लास्टिकने झाकावेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा मात्र बंद असावा. जुनं ग्लासवूल काढताना त्यावर पाण्याचा फवारा मारला की धूळ कमी उडते. त्याआधी त्या भागातली वीज बंद करायला विसरू नये. काढलेली गादी न दाबता, न फाडता पिशवीत भरून तोंड बांधावं. शेवटी केरसुणी फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसावं.

जुन्या फायबरच्या पत्र्यांबद्दल एक इशारा. वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरची राळ झिजते आणि खालचे तंतू उघडे पडतात. असा पत्रा हाताला खरखरीत, केसाळ लागतो. तो न कापता नुसता उचलला तरी हातात कुसळं भरतात.

खाज हे धोक्याचं माप नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘त्वचेला एवढा त्रास, मग फुप्फुसांचं काय होत असेल?’ असा प्रश्न कुणालाही पडेल.

खाज देणारे जाड तंतू श्वासाबरोबर फार खोल जात नाहीत. ते नाकाघशात अडकतात, शिंका येतात, घसा खवखवतो. फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात ते साधारण ३ मायक्रोमीटरहून बारीक तंतू, आणि ते त्वचेला जाणवतही नाहीत. म्हणजे जे टोचतं ते खोल जात नाही, आणि जे खोल जातं ते टोचत नाही.

खोल गेलेल्या तंतूचं पुढे काय होतं हे तो किती टिकतो यावर ठरतं. ग्लासवूलची काच फुप्फुसातल्या द्रवात हळूहळू विरघळते, आणि तिचे तंतू आडवे तुटून आखूड होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये ग्लासवूलला ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात ठेवलं होतं. अधिक अभ्यासानंतर २००१ मध्ये उष्णतारोधक ग्लासवूल आणि अखंड काचतंतू हे दोन्ही ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात आले. याचा अर्थ पूर्ण निर्धोक असं प्रमाणपत्र मिळालं असा नाही. म्हणून मुखवटा हवाच.

ॲस्बेस्टॉसची गोष्ट वेगळी आहे. ते खनिज उभं चिरत जातं आणि अधिकाधिक बारीक तंतू होतात. त्याचे काही प्रकार फुप्फुसात दशकानुदशकं टिकतात. त्याने माणसाला कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालं आहे, आणि आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षंही लागतात. आपल्याकडच्या असंख्य घरांवर, गोठ्यांवर आणि शाळांच्या पडव्यांवर जे करडे, नागमोडी सिमेंटचे पत्रे आहेत त्यांपैकी पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असतं. तो पत्रा कापताना अंगाला विशेष खाज सुटत नाही. त्यामुळे खाजेला घाबरून फायबरच्या पत्र्यापासून दूर राहणारा माणूस सिमेंटच्या पत्र्यावर बिनधास्त ग्राइंडर चालवतो आणि खऱ्या धोक्याची धूळ श्वासात घेतो. असा पत्रा कापू, घासू, फोडू नये. काढायचाच असेल तर ओला करून अखंड उतरवावा, तोही मुखवटा लावून आणि मुलांना दूर ठेवून.

वर्गासाठी

हिराचा प्रयोग पाचवीपासून कोणत्याही वर्गात होईल. आठवी-नववीच्या मुलांना लांबी आणि जाडीचं गणित देता येईल: १० मायक्रोमीटर जाडीचा तंतू ५ मायक्रोमीटरच्या तंतूपेक्षा वाकायला किती जड? लांबीही निम्मी असेल तर? (सोळापट, आणि मग चौसष्टपट.) प्रयोगशाळेत शिक्षकांनी चश्मा लावून काचेची बारीक नळी ज्योतीवर मऊ करून ज्योतीबाहेर झटकन ओढून दाखवावी. बोटाने न वाकणारी काच धागा झाली की केसासारखी लवते हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल. धागा मुलांच्या हातात मात्र देऊ नये, आणि ग्लासवूलचा नमुना उघडा वर्गात आणू नये.

आणखी एक काम करता येईल. शाळेच्या आणि घराच्या छतावर कोणते पत्रे आहेत याची नोंद मुलांना करायला सांगा: लोखंडी, फायबरचे की सिमेंटचे. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे वडील, काका, भाऊ हेच छताचं, सुताराचं, रंगाचं काम करतात. त्यांना मुखवटा, हातमोजे देणारं बहुधा कुणी नसतं, आणि कोणती धूळ नुसती टोचते, कोणती जीव घेते हे सांगणारंही नसतं. वहीत उतरवलेली ही माहिती त्या घरांपर्यंत पोचवायला वर्गातल्या मुलांसारखा दुसरा दूत नाही.